जुन्या कॅमारोत एलएस व्ही८ टाकतोय, इंजिन माउंट कुठले घेऊ?

प्रश्न
१९६९ ची कॅमारो आहे, मूळची २५० क्युबिक इंचाची, सरळ सहा सिलिंडर. ते काढून ट्रकमधलं ५.३ लिटर एलएस (जीएमचं, म्हणजे जनरल मोटर्सचं, नव्या पिढीचं व्ही८ इंजिन) बसवायचंय. सब-फ्रेमवरचे (पुढच्या सांगाड्यावरचे) माउंट, म्हणजे इंजिन धरणारे आधार, सहा सिलिंडरचे आहेत, व्ही८ ला चालत नाहीत. मग जुन्या व्ही८ चे फ्रेम माउंट आणून मध्ये अ‍ॅडॉप्टर प्लेट टाकू, का एलएससाठीचा तयार सेट घेऊ, का स्वतःच वेल्ड करू? आणि रबर, पॉली (पॉलियुरेथेन, रबरापेक्षा कडक) का सॉलिड (नुसता धातू)? गाडी रस्त्यावरच चालवणार, रेस वगैरे नाही.

उत्तर १
प्लेटवाला मार्ग धरा. जुन्या स्मॉल ब्लॉकला (शेवरलेच्या जुन्या व्ही८ ला) प्रत्येक बाजूला माउंटचे तीन बोल्ट, एलएसला चार, तो फरक प्लेट मिटवते. फक्त इंजिन पुढेमागे सरकवता येईल अशीच प्लेट घ्या कारण फायरवॉल (इंजिन आणि केबिनमधला पत्रा), स्टिअरिंगचे रॉड, हेडर (एक्झॉस्टचे पाइप) आणि ऑइल पॅन सगळं एकदमच जमवावं लागतं. आणि ट्रकचं पॅन खोल असतं, क्रॉसमेंबरच्या (फ्रेमच्या आडव्या पट्टीच्या) खाली लोंबतं, ते आधी बदला मगच माउंटची जागा ठरवा, नाहीतर सगळं परत उचलावं लागेल. वेल्डिंग शेवटचा उपाय.

उत्तर २
रस्त्यासाठी रबर, पण इंटरलॉकिंगच घ्या, म्हणजे रबर फाटलं तरी आतलं लोखंड एकमेकांत अडकून इंजिन धरून ठेवतं. जोरात अ‍ॅक्सिलरेटर दिला की ही इंजिनं डाव्या बाजूने वर उचलतात, जुन्या माउंटचं रबर सुटलं की इंजिन उचलून थ्रॉटलची लिंक ओढली जायची आणि अ‍ॅक्सिलरेटर उघडाच राहायचा. ह्याच कारणासाठी १९७१ मध्ये जीएमला जवळपास ६७ लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या, त्यात १९६९ ची कॅमारो पण होती. म्हणून जुने पडलेले माउंट फुकट मिळाले तरी लावू नका!!

उत्तर ३
वरच्यांशी सहमत. सॉलिडने सगळी थरथर बॉडीत येते, आणि इंजिन रबरवर पण गिअरबॉक्स सॉलिड असं केलं तर सगळा पीळ गिअरबॉक्सच्या केसिंगवर येतो, तडा जाऊ शकतो. मधला मार्ग पॉली, हलणं कमी होतं, थोडी थरथर जाणवते. रबर आणि पॉली दोन्ही वीज अडवतात, तेव्हा ब्लॉक ते फ्रेम जाड अर्थची पट्टी नक्की टाका, एलएसचे सेन्सर आणि कॉम्प्युटर अर्थ नीट नसेल तर फार त्रास देतात.

प्रश्नकर्ता
खूप आभार सगळ्यांचे, इंटरलॉकिंग रबर आणि सरकणारी प्लेट पक्कं. बोल्ट कधी घट्ट करू?

उत्तर १
सगळे बोल्ट, गिअरबॉक्सच्या माउंटचे पण, आधी नुसते हाताने लावा, इंजिनचं पूर्ण वजन माउंटवर येऊ द्या, मग कोन मापून बघा. इंजिनचा मागचा भाग साधारण ३ अंश खाली हवा आणि गिअरबॉक्सचा शाफ्ट नि डिफरन्शियलचा पिनियन (मागच्या एक्सलमध्ये जाणारा शाफ्ट) समांतर, नाहीतर त्या दोघांना जोडणारा प्रॉपेलर शाफ्ट वेगात थरथरतो. जमलं की मग घट्ट करा.