रक्तात नाही म्हणजे वारेतही नाही?

कुणीतरी लिहिलंय, 'ताप उतरला, रक्ताचा रिपोर्ट निगेटिव्ह आला, म्हणजे विषाणू संपला.' डासांमुळे पसरणाऱ्या झिका विषाणूच्या बाबतीत गरोदर बाईला हे लागू पडेलच असं नाही. वारेचा, म्हणजे बाळाला आईशी जोडणाऱ्या प्लॅसेंटाचा, आईच्या रक्तात बुडालेला थर पेशी एकमेकींत विरघळून झालेला असतो, बिनशिवणीच्या कापडासारखा. शिवणच नाही, तर विषाणू घुसणार कुठून? शिवाय हा थर इंटरफेरॉन, म्हणजे विषाणूला रोखणारी प्रथिनंही सोडत असतो. झिका तरीही आत शिरतो आणि वारेतल्या हॉफबावर पेशींमध्ये ठाण मांडतो. गंमत बघा, या पेशी म्हणजे बाळाच्याच, जंतू गिळणाऱ्या भक्षक पेशी. म्हणजे राखणदाराच्याच खोलीत चोर! तो त्यांना फारसं मारत नाही, आतच वाढत राहतो. ब्राझीलच्या २०१५-१६ च्या साथीनंतर तपासलेल्या काही वारांमध्ये आईच्या आजारपणानंतर कित्येक महिन्यांनीही झिकाचा आरएनए, म्हणजे त्याचं जनुकीय द्रव्य, सापडला.

अर्थात वारेत विषाणू असला म्हणून बाळाला इजा होतेच असं नाही, बरीच बाळं धडधाकट जन्मतात. पण २०२४ मध्ये पुण्यात गरोदर बायकांना झिका झाला होता, तेव्हा बऱ्या झाल्यावरही सोनोग्राफी चुकवू नका असं डॉक्टर का सांगत होते, ते यावरून कळेल.