नवख्यांना प्रोग्रामिंग शिकवताना सुरुवात चित्रं आणि ॲनिमेशनपासून करावी का?

कोरा_कॅनव्हास
गेली काही वर्षं मी अगदी नवख्या लोकांना प्रोग्रामिंग शिकवतेय आणि आता माझं मत पक्कं झालंय की पहिल्या दिवशी स्क्रीनवर काहीतरी काढायलाच द्यावं. बेरीज करा, सम-विषम ओळखा वगैरे नंतर. सम-विषमचं उत्तर चुकलं की नवखा माणूस माझ्या तोंडाकडे बघतो, चित्र चुकलं की स्क्रीनकडे बघतो. मला हा फरक फार मोठा वाटतो.

परवा पायथनच्या टर्टलने (स्क्रीनवरचं कासव, सांगू तसं चालतं आणि मागे रेघ सोडतं) समभुज त्रिकोण काढायचा होता. कोन ६० अंशांचा हे सगळ्यांना पाठ, म्हणून एकाने तीनदा "१०० पुढे जा, ६० वळ" लिहिलं. त्रिकोण सोडाच, अर्धा षटकोन काढून कासव भलतीकडेच थांबलं. मी गप्प राहिले. तो उठला, फरशीवर स्वतः चालून बघितलं, कोपऱ्यावर थबकला आणि म्हणाला, अरे मी आतला कोन वळतच नाहीये, बाहेरचा वळतोय, १२० पाहिजे! १९६७ साली मुलांसाठी लोगो ही प्रोग्रामिंगची भाषा आली आणि पुढे तिच्यात कासव आलं, त्यामागे तिच्या निर्मात्यांपैकी एक सेमूर पॅपर्ट यांचा विचार हाच होता की मुलाने स्वतःला कासवाच्या जागी ठेवून विचार करावा. तुम्हाला काय वाटतं?

सेमीकोलन
मला नाही पटत. कामावर नवीन आलेल्यांना हाताशी धरून शिकवणं हे माझं रोजचं काम आहे, आणि चित्रांवरून शिकून आलेली मुलं मी बघितलीत. कुणाचं तरी स्केच (म्हणजे चित्र काढणारा प्रोग्राम) घ्यायचं, ५० चे ८० करायचे, रंग बदलायचा, छान दिसलं की झालं. प्रोसेसिंग किंवा पी५.जेएस या कोडने चित्रं काढायच्या साधनांमध्ये ड्रॉ नावाचं फंक्शन, म्हणजे नाव दिलेला कोडचा तुकडा, लिहितात ना, त्यांना विचारा की ते सेकंदाला ६० वेळा बोलावतं कोण? उत्तर नाही.

आणि त्याहून मोठी तक्रार म्हणजे यांची सगळी फंक्शनं नुसती काढतात, परत काहीच देत नाहीत. वर्तुळ काढ, झाड काढ. एखादी किंमत घ्यायची, हिशोब करून उत्तर परत द्यायचं, अशी सवयच लागत नाही, आणि जे फंक्शन काही परत देत नाही त्याची चाचणी तरी कशी लिहिणार? व्हेरिएबल्स सगळी वरती ग्लोबल, म्हणजे कुठूनही बदलता येणारी. ही सवय मोडायला मला महिने लागतात.

रात्रपाळी
मी पस्तिशीत शिकलो, तेही आधी दोनदा सोडून दिल्यावर, म्हणून लिहितोय. दोन्ही वेळा पुस्तकातले प्रश्न सोडवून सोडवून कंटाळलो होतो. तिसऱ्यांदा पी५.जेएस वर एक चेंडू हलवला आणि तिथे अडकलो तो कायमचा.

४०० रुंदीचा कॅनव्हास, चेंडू शून्यापासून निघतो, दर फ्रेमला, म्हणजे ड्रॉ चालेल तितक्या वेळा, ५ पुढे. ४०० च्या पलीकडे गेला की वेग उलटा करायचा आणि ०.८ ने गुणायचा, म्हणजे आपटल्यावर थोडा मंदावेल. चालवलं तर चेंडू कडेला जाऊन चिकटला आणि तिथेच थरथरत बसला. रात्री दोन वाजेपर्यंत मी त्याच्याकडे बघतोय. शेवटी आकडे छापले. ४००, ४०५, मग ४०१. वेग कमी झाल्यामुळे तो एका उडीत आत येऊच शकला नव्हता, ४०१ म्हणजे अजून बाहेरच, म्हणून वेग पुन्हा उलटा, पुन्हा बाहेर. एक ओळ टाकली, बाहेर गेला की आधी त्याला ४०० वर आणून ठेव. सुटला! अट दर फ्रेमला नव्याने तपासली जाते हे मला त्या रात्री कळलं आणि परत कधी विसरलो नाही.

सेमीकोलन
@रात्रपाळी मनापासून लिहिलंयत, आवडलं. पण नीट बघा, चिकटलेल्या चेंडूने तुम्हाला एवढंच सांगितलं की काहीतरी चुकलंय. का चुकलंय ते छापलेल्या आकड्यांनी सांगितलं. म्हणजे मी जे शिकवा म्हणतोय तेच.

रात्रपाळी
हो, पण ते आकडे छापायला दोन वाजेपर्यंत जागं कुणी ठेवलं? सम-विषमसाठी मी दहा वाजताच झोपलो असतो.

चौकट
ज्यांना चित्रात रसच नाही त्यांचं काय? माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच जणांना एक्सेलच्या फायली एकत्र करायच्या असतात. त्यांना पहिल्याच दिवशी त्यांची स्वतःची फाईल उघडून दिली की तेही असेच चिकटतात. गोष्ट आपली वाटली पाहिजे, मग ते चित्र असो नाहीतर तक्ता.

तिसरी_रांग
एक बाजू कुणीच मांडली नाही म्हणून लिहिते. मला दिसत नाही, मी स्क्रीन रीडरवर काम करते. ज्या वर्गात मी सुरुवात केली तिथे पहिले काही आठवडे नुसती चित्रं होती, सगळे "वा, मस्त" म्हणायचे आणि मी शेजारणीला विचारायचे की माझ्या स्क्रीनवर काय आलंय. बरोबर की चूक हे दुसऱ्याने सांगायचं, म्हणजे कोरा_कॅनव्हास जो फायदा सांगतायत तोच माझ्यासाठी उलटा झाला. पी५ मध्ये डिस्क्राइब नावाचं फंक्शन आहे, चित्रात काय आहे ते त्यात लिहिलं की स्क्रीन रीडर वाचतो, पण वर्गात ते कुणी दाखवलंच नाही. आवाजावरही हेच सगळं शिकवता येतं. चेंडू जसा उजवीकडे जाईल तसा स्वर चढवा, कडेला अडकला तर मला लगेच ऐकू येईल.

कोरा_कॅनव्हास
@तिसरी_रांग हे माझ्या डोक्यात कधीच आलं नव्हतं आणि यायला हवं होतं. पुढच्या बॅचपासून डिस्क्राइब पहिल्याच दिवशी, आणि चेंडूला स्वर देणं सगळ्यांनाच करायला लावते.

@सेमीकोलन ग्लोबलचं मला तितकंसं पटत नाही. एक्स, म्हणजे चेंडूची जागा, ड्रॉच्या आत ठेवला की चेंडू जागचा हलत नाही, दर फ्रेमला परत शून्यावर, आणि तो बाहेर का काढायचा हे मुलं स्वतः शोधतात. स्कोप, म्हणजे कोणतं व्हेरिएबल कुठवर टिकतं ते, याहून सोपा कसा शिकवायचा मला माहीत नाही. नुसते आकडे बदलण्याबद्दल म्हणाल तर मी संगणकाने चित्रं काढणारे जर्मन कलाकार गेओर्ग नेस यांचं १९६८ चं चौकोनांचं चित्र करायला देते, वरच्या ओळी सरळ आणि खाली येता येता सगळं विस्कटत जातं. लूपच्या (तेच काम पुन्हापुन्हा करणाऱ्या कोडच्या) आत लूप, आणि रँडमला, म्हणजे कसाही येणाऱ्या आकड्याला, ओळीच्या नंबराने गुणायचं. ते समजल्याशिवाय जमतच नाही. पण काहीच परत न देणाऱ्या फंक्शनचं तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं, माझ्या वर्गात अगदी तेच होतं. विचार करतेय की चेंडूची पुढची जागा काढणारं फंक्शन वेगळं, ते फक्त संख्या परत देईल, आणि काढायचं काम ड्रॉमध्ये.

सेमीकोलन
हे करा. आणि चालवायच्या आधी कागदावर लिहून घ्या की जागा ४०० आणि वेग ५ दिला तर काय परत यायला पाहिजे. तीच त्यांची पहिली चाचणी. बॅच संपली की कितीजणांना कडेचा घोटाळा कागदावरच सापडला ते इथे लिहा, मला खरंच जाणून घ्यायचंय.