भिंतीवर राजकारण नको म्हणे. मासेवाली चालते ती कशी?

मांडवीकाठचा
आमच्या गावच्या शाळेचं कुंपण रंगवायचं घाटतंय. एका मुलीनं सुचवलं, कर्नाटकाशी पाण्याचा वाद चाललेली आपली म्हादई नदी काढू, आणि गोवा महाराष्ट्रात जावा की नको यावरच्या जनमत कौलातली चिन्हं, फूल नि दोन पानं, काढू. "राजकारण नको" म्हणत सगळ्यांनी ते उडवून लावलं. ठरलं काय? डोक्यावर पाटी घेतलेली मासेवाली, वाकडा माड आणि गिटार वाजवणारा टोपीवाला. पणजीपासून कळंगुटपर्यंत जे पुन्हापुन्हा दिसतं तेच.

माझ्या मते हेही राजकारणच आहे. पर्यटकाला जो गोवा विकायचा तो भिंतीवर चढतो. खाणपट्टा चढत नाही, बायकांचा धालो नाच चढत नाही, पेडण्याचा दशावतार चढत नाही.

उत्तर आयर्लंडमधलं बेलफास्ट बघा. फॉल्स रोडला कॅथलिक वस्ती, तिला आयर्लंडशी एक व्हायचंय. शँकिल रोडला प्रोटेस्टंट, त्यांना ब्रिटन सोडायचं नाही. मध्ये १९६९ पासून उभारलेल्या उंच 'शांतता भिंती'. फॉल्स रोडवर बॉबी सँड्सचा हसरा चेहरा आहे. तुरुंगात ६६ दिवस उपोषण करून तो ५ मे १९८१ रोजी वारला, आणि वारला तेव्हा निवडून आलेला खासदार होता. पलीकडच्या वस्त्यांत पांढऱ्या घोड्यावरचा प्रोटेस्टंट राजा विल्यम, १६९० च्या बॉयनच्या लढाईतला. त्याला भिंतीवर काढायची रीत १९०८ पासूनची. त्यांनी आपलं भांडण उघड मांडलं. आपण ते घरात दडपून दारात मासेवाली बसवली.

फोंड्याची वाचक
बाब, लांबून बघायला हे सगळं फार छान वाटतं. त्या शहरातल्या भिंती मत मांडत नव्हत्या, हद्द आखत होत्या. नुसती चित्रंच नाहीत, फुटपाथच्या कडेचे दगडसुद्धा रंगवलेले. एका वस्तीत ब्रिटनच्या झेंड्याचे लाल-पांढरे-निळे, दुसरीत आयर्लंडच्या झेंड्याचे हिरवे-पांढरे-नारिंगी. गल्लीच्या तोंडाशी बुरखा घातलेला बंदूकधारी काढला की त्याचा अर्थ एकच: चुकून वळला असशील तर परत फिर. साडेतीन हजारांहून जास्त माणसं मेली त्या तीसेक वर्षांच्या हिंसाचारात. आणि ज्या घराच्या भिंतीवर तो बंदूकधारी काढला, तिथल्या बाईला विचारलं होतं का कुणी? चुना फासायची हिंमत तरी होती का तिची?

इथं शिवाजी महाराजांच्या पुतळ्यावरून २०२३ मध्ये कळंगुटला आणि २०२४ मध्ये सां जुझे द आरियलला काय वाद झाला ते आठवा. दुसऱ्या ठिकाणी तर दगडफेकीपर्यंत गेलं. आता शाळेच्या कुंपणावर कौल घ्यायचाय तुम्हाला?

काजूबोंड
गिटार वाजवणारा टोपीवाला आमच्या गावात मी तरी कधी पाहिला नाही. सीझनपुरता भाड्यानं येत असेल.

सत्तरीकर
मांडवीकाठच्यांशी सहमत, पण कारण वेगळं. आपल्या भिंती कधी मुक्या नव्हत्या. जनमत कौलाच्या वेळी आमच्या वडलांच्या हातात कुंचला होता. चुना कालवून रात्रीचं 'झालाच पाहिजे' लिहायचं, म्हणजे महाराष्ट्रात विलीनीकरण झालंच पाहिजे. आमचं घर फुलाचं, शेजारचं दोन पानांचं. १६ जानेवारी १९६७ ला मतदान झालं. गोवा वेगळा संघप्रदेश (केंद्रशासित) राहावा म्हणणारे १,७२,१९१, विलीनीकरणवाले १,३८,१७०. आम्ही ३४,०२१ मतांनी हरलो. वडील दोन दिवस जेवले नाहीत असं आई सांगायची. पण चवथीला शेजारच्या नेवऱ्या (करंज्या) आमच्याकडे आणि आमच्या त्यांच्याकडे, हे कधी चुकलं नाही. भिंतीवर लिहिलं म्हणून वैर होतं हे मला पटत नाही.

फोंड्याची वाचक
सत्तरीकर, नेवऱ्या १९६७ च्या. १९८६ च्या डिसेंबरात मराठी-कोंकणी भाषेच्या वादात सात जणांचे जीव गेले, ते का सांगत नाही?

सत्तरीकर
सांगतो की. ते गेले रस्त्यावरच्या आंदोलनात, भिंतीवरच्या चुन्यापायी नव्हेत. दोन्ही एका मापानं मोजू नका एवढंच म्हणणं.

रापणकार
मंडळी, बेलफास्टची पुढची गोष्ट कुणीच सांगितली नाही. १९९८ चा शांतता करार झाला. मग २००६ मध्ये तिथल्या कला परिषदेनं एक योजना काढली, तेहतीस लाख पौंडांची. बंदूकधारी पुसायचे आणि त्या जागी वस्तीला चालेल असं दुसरं काही काढायचं. मग आले फुटबॉलपटू, टायटॅनिक जहाज, खेळणारी मुलं. जी चित्रं उरली ती बघायला आता काळ्या टॅक्सीतून पर्यटक येतात, ड्रायव्हर गोष्टी सांगतो, फोटो काढून देतो. म्हणजे तिकडेही शेवटी मासेवालीच आली!

आणि शांतता भिंती? २०२३ पर्यंत सगळ्या पाडू असं तिथल्या सरकारनं २०१३ मध्ये जाहीर केलं होतं. मुदत टळली, भिंती आहेत तिथंच. अलीकडच्या-पलीकडच्या कित्येक रहिवाशांनाच त्या हव्यात, रात्री झोप लागते म्हणून. चित्रानं त्यात काय फरक पडला?

मांडवीकाठचा
रापणकार, चिमटा बरोबर बसला. पण सगळंच तसं गुळगुळीत झालेलं नाही. तिथलंच दुसरं शहर डेरी. तिथल्या बॉगसाइड वस्तीत १९७१ मध्ये चौदा वर्षांची शाळकरी मुलगी गोळी लागून मेली. त्याच वस्तीतल्या तीन चित्रकारांनी १९९९ मध्ये तिचं चित्र काढलं. शाळेचा गणवेश, मागे मोडतोड झालेलं घर, बाजूला उभी बंदूक आणि वर एक फुलपाखरू, त्यात रंगच भरलेले नव्हते. २००६ मध्ये तेच चित्रकार पुन्हा परांचीवर चढले. बंदूक मधोमध मोडलेली दाखवली आणि फुलपाखरात रंग भरले. चित्र पुसलं नाही, वस्तीचं मन बदललं तसं ते बदललं. याला मी भिंत जिवंत असणं म्हणतो. आमचा टोपीवाला वीस वर्षांनीही तेच गाणं वाजवत असेल.

फोंड्याची वाचक
हे उदाहरण मान्य, फार चांगलं आहे. पण त्यातलं 'त्याच वस्तीतल्या' हे शब्द पुन्हा वाचा. ते तिघं तिथंच वाढलेले, ती मुलगी त्यांच्याच वस्तीतली. आणि बंदूक मोडायला करारानंतर आठ वर्षं थांबले. तुमच्या कुंपणावर कोण चढणार? दर चौरस मीटरवर बोली लावणारा कंत्राटदार. तो आज म्हादई काढेल, उद्या सिमेंटची जाहिरात. त्याच्या हातून म्हादई काढून घेण्यापेक्षा मासेवाली बरी, निदान ती खोटं बोलत नाही.

जुन्या पणजीचा
ती सगळ्यात जास्त खोटं बोलते हो, ताई. पण ते असू द्या.

पणजीतल्या मिनेझिस ब्रागांझा संस्थेत शिरलात की प्रवेशदालनात निळ्या-पांढऱ्या फरशांची भलीमोठी चित्रं आहेत. जॉर्ज कोलासो या पोर्तुगीज चित्रकाराची, १९३५ सालची. विषय, वास्को द गामाची सफर, पोर्तुगीज कवी कामोइंशच्या महाकाव्यातली. याहून राजकीय चित्र गोव्यात दुसरं दाखवा! आम्ही तुम्हाला शोधून काढलं, ही बढाई ती चित्रं मारतायत. पूर्वी सेंट्रल लायब्ररी याच इमारतीत होती. शाळेत असताना पुस्तकं बदलायला जायचो, तेव्हा छत्रीचं पाणी त्या गामाच्या पायाशी झटकून वर जायचो. मुक्तीनंतर संस्थेवरचं वास्को द गामाचं नाव गेलं, फरशा राहिल्या. कामोइंशचा पुतळा मात्र जुन्या गोव्यात उघड्यावर होता, तो शेवटी तिथल्याच संग्रहालयात हलवावा लागला.

मला वाटतं, ज्याची सत्ता गेली त्याचं चित्र कुणाला बोचत नाही. बोचतं ते हातात कुंचला नि खिशात ठराव असलेल्याचं. म्हणून "राजकारण हवं की नको" हा प्रश्नच फसवा. भिंत कुणाची आणि पैसा कुणाचा ते आधी विचारा. डिसेंबरात सेरेंडिपिटी कला महोत्सववाले येतात, २०१६ पासून. बरीच कामं खरोखर बघण्यासारखी असतात. पण पणजीच्या मळा किंवा फोंतैन्या वाड्यातल्या माणसाला आपल्याच दारासमोर सेल्फी घेणाऱ्यांची गर्दी झेलावी लागते, त्याला कुणी ठरावात धरत नाही.

काजूबोंड
मोले अभयारण्याच्या वेळी आठवा. २०२०, टाळेबंदी. रेल्वेचा दुपदरी मार्ग, वीजवाहिनी आणि महामार्ग, तिन्ही जंगलातून. पोरांनी ढीगभर चित्रं काढली, गवा, शेकरू, साप, सगळं. भिंत कुठे लागली? मोबाइलवरून घरोघर पोचली. भिंतीसाठी भांडणारे आपण जरा म्हातारे झालोय की काय?

सत्तरीकर
मोबाइलवरचं चित्र ज्याला बघायचंय तोच बघतो. भिंतीवरचं न पटणाऱ्यालाही रोज बघावं लागतं. कटकट तीच आणि मजाही तीच.

रापणकार
एक बाळबोध शंका. समजा काढली म्हादई. खाली ओळ लिहायची ती मराठीत की कोंकणीत?

मांडवीकाठचा
दोन्हीत. १९८७ च्या कायद्यानं कोंकणी राजभाषा केली, तरी सरकारी कामात मराठीला जागा ठेवलीच आहे की.

रापणकार
कोंकणी देवनागरी की रोमी?

फोंड्याची वाचक
घ्या. अजून रंगाचा डबा उघडलेला नाही.

गेरूवाला
मग अक्षरं नकोतच. मोरजीला मोरजाईच्या देवळात कावीकाम आहे ते जाऊन बघा, फोटोत कळत नाही. खाली चुन्याचा पांढरा गिलावा, त्यावर तांबड्या कावीचा पातळ हात, आणि वरचा तांबडा खरवडून खालच्या पांढऱ्यातून वेल, हत्ती, देव उमटवायचे. पाऊस-दमट सगळं सोसून टिकतं. बऱ्याच देवळांतलं गेलं ते कुठल्या राजकारणानं नाही. नूतनीकरण करताना आपल्याच समित्यांनी ऑइलपेंट मारला, टाइल्स लावल्या. बेलफास्टला पुसताना निदान वस्तीशी बोलणी झाली, आमच्याकडे फक्त बिलं पास झाली.

शाळेला करायचंच असेल तर कावीत करा, म्हादईच काढा. काम जाणणारे अजून आहेत. फक्त एक ध्यानात ठेवा, गिलावा ओला असेपर्यंतच खरवडता येतं. तेव्हा भांडणं काय ती आधी उरकून घ्या.