स्टीलच्या चेनला चिंच-मीठ नको

एका ताईंनी गळ्यातली स्टीलची चेन चिंच-मिठानं घासायला सांगितलंय. तांब्याच्या घागरीला ठीक आहे हो, इथं मीठ नकोच! स्टीलवर क्रोमियम ऑक्साइडचा अगदी पातळ थर असतो, तोच गंज अडवतो, आणि मिठातलं क्लोराइड नेमकं त्यालाच खातं. ब्लीचचंही तेच.

खडेबाजारात घेतलेलं कडं मी लोखंडी तारेच्या घासणीनं घासलं होतं. ओरखडे पडलेच, वर बेळगावच्या पावसाळ्यात तांबूस ठिपके. (घासणीचे कण अडकून गंजलेले, शिव्या मात्र दुकानदाराला!)

आता कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब, मऊ टूथब्रश, चेनच्या कड्यांत साचलेल्या मळाला जरा जास्त वेळ, मग लगेच सुती कापडानं कोरडं. सोनेरी मुलामा असेल तर ब्रशही नको.