ओठ बधिर, तरी दाढेत कळ का?

बधिर करणारी सुई दिल्यावर ओठ बधिर होऊनही, रूट कॅनलसाठी दाढ उघडताना कळ आली म्हणजे सुई चुकली, असं म्हणतात. दरवेळी तसं नसतं. सुजलेल्या ऊतकातल्या आम्लतेमुळे औषध लागू पडत नाही, हे कारणही पुरत नाही. सूज दाढेच्या गाभ्यात (आतल्या मऊ, चेतातंतू असलेल्या भागात), आणि खालच्या जबड्याचा ब्लॉक (मुख्य चेतेजवळ दिलेली बधिर करणारी सुई) दिला जातो बराच मागे, जिथलं ऊतक निरोगी असतं.

बदल चेतातंतूतच झालेला असतो. सुजलेल्या गाभ्यात प्रोस्टाग्लँडिन ई२ हे सूज आल्यावर तयार होणारं रसायन वाढतं. त्याने एनएव्ही१.८ हे सोडियम चॅनल (वेदनेचा संदेश पुढे नेणारं चेतातंतूतलं दार; जनुक एससीएन१०ए) कमी उत्तेजनावरही उघडू लागतं, आणि नेमकं हेच चॅनल लिडोकेन या बधिर करणाऱ्या औषधाला कमी दाद देतं. टीआरपीव्ही१ हा एरवी साधारण ४३ अंशांना जागा होणारा उष्णतेचा ग्राहीही (रिसेप्टर) संवेदनशील होतो, म्हणून कोमट चहासुद्धा ठणका उठवतो. एनएव्ही१.७ या अशाच दुसऱ्या सोडियम चॅनलच्या एससीएन९ए जनुकाच्या दोन्ही प्रती निकामी असलेल्यांना जन्मतः वेदनाच कळत नाही, पण स्पर्श कळतो. वेदनेत या चॅनल्सचं वजन किती, ते यावरून कळावं.

व्यवहारात, तासभर आधी प्रोस्टाग्लँडिन बनणं रोखणारं आयबुप्रोफेन ४०० ते ६०० मिग्रॅ दिल्यास ब्लॉक यशस्वी होण्याची शक्यता वाढते (अल्सर, मूत्रपिंडाचा विकार, अ‍ॅस्पिरिनने उठणारा दमा असेल तर नाही). ओठावर विसंबू नका. ड्रिलआधी थंड स्प्रेचा बोळा दाढेला लावून पाहा. कळ आली तर ४ टक्के आर्टिकेन (बधिर करणारं दुसरं औषध) गालाच्या बाजूने, नाहीतर हाडातून टोचावं. गाभ्यात थेट सुई शेवटचा उपाय: ती मुख्यतः दाबाने काम करते, आणि टोचताना दुखतंच.