दुर्गम आरोग्य केंद्रासाठी तातडीच्या शस्त्रक्रिया-सेवेचे कोणते प्रशिक्षण घ्यावे?

सत्तरीकर (धागाकर्ता):
नमस्कार. मी सत्तरी तालुक्यात घाटाच्या पायथ्याशी असलेल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी आहे. माडावरून पडलेले पाडेली (नारळ पाडणारे), कोयत्याचे घाव, चोर्ला घाटातले दुचाकीचे अपघात आणि अधूनमधून प्रसूतीनंतरचा रक्तस्राव, असे रुग्ण प्रथम आमच्याकडे येतात, आणि पावसाळ्यात येथून बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात पोचायला तासाहून अधिक वेळ लागतो. गेल्या जुलैत मनगट कापलेला एक पाडेली आला. आम्ही चौघे गॉझवर गॉझ ठेवत गेलो, पट्टी भिजली की तिच्यावर दुसरी बांधत गेलो. पण सगळे काढून वाहत्या जागेवर नेमके बोट दाबावे, हे कोणालाच सुचले नाही, मलाही नाही. शेवटी रुग्णवाहिकेबरोबर आलेल्या मुलाने ते केले. रुग्ण वाचला, मात्र तेव्हापासून ही गोष्ट मनातून जात नाही. आम्ही दोन डॉक्टर, चार परिचारिका, एक औषधनिर्माता आणि दोन परिचर आहोत, आणि दोन दिवसांहून अधिक काळ सगळ्यांना मोकळे करता येत नाही. कोणता अभ्यासक्रम निवडावा आणि कोणाला पाठवावे?

निवृत्त शल्यचिकित्सक, मडगाव:
डॉक्टर, आधी आपल्या केंद्राची पायरी ठरवा. सिझेरियन, पोट उघडून करायची शस्त्रक्रिया आणि उघड्या अस्थिभंगावरील उपचार, ही तिन्ही कामे करणारे रुग्णालय दोन तासांच्या आत गाठता यावे, असा निकष ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०१५ साली मांडला. म्हापसा किंवा बांबोळी तुम्हाला त्या वेळात गाठता येते. तेव्हा तेवढा वेळ रुग्णाला तग धरायला लावणे एवढेच तुमचे काम, आणि ते लहान नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने जिल्हा रुग्णालयांतील शस्त्रक्रियांवर २००३ मध्ये काढलेले पुस्तक उत्तम आहे, परंतु ते शस्त्रक्रियागृह असलेल्यांसाठी आहे. त्याच संघटनेने रेडक्रॉसच्या आंतरराष्ट्रीय समितीबरोबर २०१८ मध्ये आणलेला ‘बेसिक इमर्जन्सी केअर’ हा अभ्यासक्रम तुम्हाला अधिक मानवेल. त्यात डॉक्टर आणि परिचारिका एकाच बाकावर बसतात, आणि इजा, श्वसनाचा त्रास, शॉक (रक्ताभिसरण ढासळणे) व बिघडलेली शुद्ध या चार वाटांनी येणारा रुग्ण कसा हाताळावा हे शिकवले जाते. तो दोन दिवसांत मावत नाही, म्हणून टप्प्याटप्प्याने घ्या. सलग दोनच दिवस असतील तर ‘प्रायमरी ट्रॉमा केअर’ हा इजांवरील प्राथमिक उपचारांचा अभ्यासक्रम घ्या. मात्र कोणाला पाठवू नका, शिकवणाऱ्यालाच तुमच्याकडे बोलवा. एकटा शिकून आलेला माणूस नेमका रजेवर असतो, हा माझा तीस वर्षांचा अनुभव आहे.

सिस्टर, काणकोण:
सरांशी मी पूर्ण सहमत आहे. आमचे पहिले प्रशिक्षण शहरातल्या सभागृहात नव्या कोऱ्या पुतळ्यांवर झाले, आणि परत आल्यावर आमच्या ट्रॉलीच्या कोणत्या खणात काय आहे, हेच कोणाला सांगता येईना. रक्तस्राव रोखणारे ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिड औषधनिर्मात्याच्या कपाटात कुलपाआड होते. इजा झाल्यापासून तीन तासांच्या आत एक ग्रॅम दहा मिनिटांत शिरेतून द्यायचे औषध, आणि रात्री किल्ली घरी! आता ते ट्रेवरच असते, आणि ट्रेवरच्या यादीत त्याच्याबरोबर प्रसूतीनंतरचा रक्तस्राव रोखणाऱ्या ऑक्सिटोसिनचीही नोंद असते. ऑक्सिटोसिन तेवढे फ्रीजमध्ये राहते. रक्तस्रावाच्या सरावासाठी आम्ही अंघोळीच्या जाड स्पंजला खोल खाच पाडतो, तिच्यात सलाईनची नळी बसवतो आणि बाटलीत कोकमाचे आगळ मिसळलेले पाणी भरतो. खाचेच्या तळापर्यंत गॉझ भरायचे, दोन्ही हातांनी वजन टाकून दाबायचे आणि घड्याळात दहा मिनिटे होईपर्यंत उचलून पाहायचे नाही. हे न उचलणेच सर्वांत कठीण जाते. दर शनिवारी वीस मिनिटे, आणि परिचरालाही यात घेतो, कारण रात्री दार तोच उघडतो.

भूलतज्ज्ञ:
दोन गोष्टींची भर घालतो. अशा प्रशिक्षणात केटामाइन या भुलीच्या औषधाचा विषय निघाला की सगळ्यांचे कान टवकारतात, कारण त्याने बहुधा श्वास आणि रक्तदाब टिकून राहतो. तरीही ऑक्सिजन, चालू असलेले सक्शन (घशातला स्राव ओढणारे यंत्र), पल्स ऑक्सिमीटर आणि फक्त श्वासाकडे पाहणारा एक माणूस, यांतले एक जरी कमी असेल तरी ते शिकवू नये. आधी बॅग आणि मास्कने श्वास द्यायला शिका, तेही दोघांनी मिळून: एकाने दोन्ही हातांनी जबडा पुढे ओढून मास्क चेहऱ्यावर बसवायचा, दुसऱ्याने छाती हलकेच उचलेल एवढीच बॅग दाबायची. दुसरे असे की छातीत फुप्फुसाभोवती हवा कोंडून ताण झाल्यास ती सोडण्याची सुई कॉलरबोनखाली दुसऱ्या फासळीच्या खाली घालायला आम्ही शिकलो होतो. प्रौढांसाठी एटीएलएस या डॉक्टरांच्या अपघात-उपचार अभ्यासक्रमाच्या २०१८ च्या आवृत्तीने ती जागा काखेच्या मध्यरेषेच्या किंचित पुढे, फासळ्यांमधल्या चौथ्या किंवा पाचव्या फटीत सांगितली आहे. जुन्या डॉक्टरांकडून शिकत असाल तर हे विचारून घ्या.

निवृत्त शल्यचिकित्सक, मडगाव:
मान्य, जुन्यांत मीही आलो. उघड्या अस्थिभंगाबद्दल राहून गेले: जखम शिवू नका. भरपूर सलाईनने धुवा, स्वच्छ पट्टी बांधा, खपाची (आधाराची पट्टी) लावा, प्रतिजैविक शक्यतो तासाभरात द्या, धनुर्वाताची लस पाहा आणि पाठवा. निघण्यापूर्वी फोन करा, आणि त्यात आधी रुग्णाची अवस्था सांगा, त्याची कहाणी नंतर.

सत्तरीकर:
सर्वांचे मनापासून आभार, देव बरे करो. दोन दिवसांचा ‘प्रायमरी ट्रॉमा केअर’ केंद्रातच घ्यायचे ठरवले आहे. पुढच्या शनिवारपासून स्पंज सुरू. सिस्टर, नळीतले पाणी थेंबाथेंबाने सोडता की पूर्ण उघडता?

सिस्टर, काणकोण:
डॉक्टर, पूर्ण उघडा, आणि बाटली खांबावर शक्य तेवढी उंच टांगा. खाली जुने वर्तमानपत्र अंथरा, आगळाचा डाग फरशीवरून सहज निघत नाही.