इतिहास हे युद्धाचं कारण की निमित्त? तपासायचं कसं?

मुठाकाठचा_वाचक

सदाशिव पेठेतल्या आमच्या अभ्यासमंडळात पुढच्या महिन्यात ‘इतिहास, राष्ट्रवाद आणि आजची युद्धं’ हा विषय मांडायचा आहे. वेळ एक तास, त्यातच प्रश्नोत्तरं. मंडळी वाचणारी आहेत: निवृत्त शिक्षक, वकील, शिवाय विद्यापीठाच्या संरक्षणशास्त्र विभागातले काही विद्यार्थी. ‘राष्ट्रवादामुळे युद्धं पेटतात’ एवढ्यावर त्यांचं समाधान होणार नाही, आणि व्हायलाही नको.

वाचायला घेतलं की दोन टोकं दिसतात. एक बाजू म्हणते, सर्ब आणि ऑटोमन तुर्कांच्या 1389 च्या लढाईची आठवण कोसोवोत 1999 साली रक्त सांडते. दुसरी म्हणते, इतिहास हा निव्वळ पडदा. मागे तेल, जमीन आणि खुर्ची. दोन्ही मला जरा जास्तच सोयीची वाटतात. एखाद्या संघर्षात इतिहासाचा वाटा नेमका किती, हे तपासण्याची काही रीत आहे का? आणि भारत-चीन सीमेबद्दल लोक विचारणारच, तो भाग कसा मांडावा?

जुनी_कागदपत्रं

रीत आहे. इतिहास कितीही जुना असला, तरी त्याला बांधून टाकणारा कागद बहुधा अलीकडचा असतो. त्या कागदाची तारीख शोधा.

कोसोवोचंच घ्या. 28 जून 1389 ची आठवण सहाशे वर्षं होतीच, पण सहाशे वर्षं सतत युद्ध चाललं नाही. 1974 च्या युगोस्लाव्ह घटनेनं कोसोवोला व्यापक स्वायत्तता दिली होती. मार्च 1989 मध्ये सर्बियानं ती कापली आणि त्यानंतर तीन महिन्यांनी, 28 जूनला, सर्बियाचा नेता मिलोशेविच त्या लढाईच्या जागी, गाझिमेस्तानच्या मैदानावर लाखोंच्या गर्दीपुढे बोलला. भाषण सगळ्यांच्या लक्षात राहिलं. मार्चमधली घटनादुरुस्ती फार कोणी सांगत नाही. कर्जानं आणि महागाईनं खिळखिळा झालेला देश, मोडकळीला आलेला एकच पक्ष, आणि त्यात हक्क काढून घेणारा कायदा. हे सगळं असल्यावर त्या जुन्या लढाईला वजन आलं.

म्हणून कोणतंही उदाहरण घेतलंत की कोऱ्या कागदावर दोन रकाने आखा. डावीकडे घटना: गोळीबार, रस्ते, चौक्या, भेटी. उजवीकडे फक्त बांधून टाकणारे कागद: अधिकृत नकाशा, घटनादुरुस्ती, संसदेचा ठराव, न्यायालयाचा निकाल. भाषणं आणि अग्रलेख उजवीकडे घेऊ नका, ते मागे घेता येतात. मग बघा, उजव्या रकान्यात नोंद पडल्यावर डावीकडे तडजोडीची वाट अरुंद झाली का.

भारत-चीनला हे लावून बघा. 1950 सालच्या आपल्या अधिकृत नकाशात अक्साई चीनकडची हद्द ‘अनिश्चित’ अशी दाखवलेली होती. 1954 मध्ये नेहरूंच्या सूचनेनंतर तिथे ठाम रेषा आली. चीननं अक्साई चीनमधून रस्ता काढला, तो 1957 मध्ये पुरा झाला. 1959 मध्ये लोंगजू आणि कोंगका इथे गोळीबार होऊन माणसं गेली. मग सर्वोच्च न्यायालयाचं बेरुबारी प्रकरणातलं मत आलं, मार्च 1960 मध्ये: देशाचा भूभाग दुसऱ्या देशाला द्यायचा तर घटनादुरुस्ती लागेल. ते प्रकरण पूर्व पाकिस्तानला द्यायच्या एका छोट्या तुकड्याचं होतं, चीनचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. पण पुढच्याच महिन्यात चीनचे पंतप्रधान चौ एन-लाय दिल्लीत आले आणि पूर्वेकडे तुमचं, पश्चिमेकडे आमचं अशा देवघेवीचं सूचन त्यांनी केलं. तोवर संसदेत संताप होता, नकाशावर ठाम रेषा होती आणि कायद्याची अट वर आली होती. पंतप्रधानांच्या हातात द्यायला फारसं काही उरलंच नव्हतं.

याचा अर्थ चीनची बाजू बरोबर होती असा काढू नका आणि कोणाला काढूही देऊ नका. त्या रस्त्याबद्दल चीननं आपल्याला अंधारात ठेवलं हे सत्यच आहे. मी सांगतोय ते एवढंच, की राष्ट्रवाद युद्ध सुरू करण्यापेक्षा माघार महाग करण्याचं काम जास्त करतो. हा फरक मांडलात तर तुमची दोन्ही टोकं आपोआप सुटतील.

नकाशा_आणि_मोजपट्टी

वरचा रकान्यांचा मार्ग चांगला आहे. त्यात नकाशाचं गणित जोडा, कारण अर्धे सीमावाद तिथेच अडकलेले आहेत.

मॅकमोहन रेषा, म्हणजे पूर्वेकडची भारत-तिबेट हद्द, 1914 मध्ये आठ मैलाला एक इंच या प्रमाणात आखली गेली. म्हणजे साधारण 1 : 5,00,000. या नकाशावर एक मिलिमीटर जाडीची रेष जमिनीवर अर्धा किलोमीटर रुंद होते. जिथे मुख्य कडा स्पष्ट आहे तिथे याचा त्रास नाही. तवांगच्या पश्चिमेला, भूतानच्या कोपऱ्यापाशी मात्र नकाशावरची रेष थागला कड्याच्या दक्षिणेला पडते. आपलं म्हणणं, तत्त्व जलविभाजकाचं (पाणी दोन बाजूंना वाटणाऱ्या कड्याचं) आहे, म्हणून हद्द थागलावरून. चीनचं म्हणणं, नकाशात आहे ती हद्द. जून 1962 मध्ये ढोला चौकी याच मधल्या पट्टीत, नामका चू या नदीच्या काठाजवळ उभी राहिली, आणि 20 ऑक्टोबरला पूर्वेकडचा चिनी हल्ला तिथूनच सुरू झाला.

हुबेहूब हाच पेच थायलंड-कंबोडिया सीमेवरच्या प्रेआह विहिअर मंदिराचा. 1904 चा फ्रान्स-सयाम (सयाम म्हणजे आजचा थायलंड, कंबोडिया तेव्हा फ्रेंचांकडे) करार म्हणतो, हद्द जलविभाजकावरून. पुढे 1907 मध्ये फ्रेंच अधिकाऱ्यांनी 1 : 2,00,000 चा नकाशा काढला, त्यात मंदिर कंबोडियाच्या बाजूला गेलं. सयामनं अनेक दशकं हरकत घेतली नाही. 1962 मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयानं 9 विरुद्ध 3 मतांनी मंदिर कंबोडियाचं ठरवलं, आणि त्यात हे दीर्घ मौन निर्णायक ठरलं. जुलै 2008 मध्ये युनेस्कोच्या यादीत मंदिराचं नाव लागल्यावर चकमकी सुरू झाल्या, त्या 2011 पर्यंत चालल्या. जुलै 2025 मध्ये त्याच सीमेवर पाच दिवस तोफा आणि विमानं वापरली गेली. आजही कंबोडिया 1 : 2,00,000 चा नकाशा धरतो आणि थायलंड 1 : 50,000 चा.

कधी वाद नकाशात नसतो, शब्दांत असतो. 1949 च्या भारत-पाकिस्तान कराची करारात युद्धविराम रेषा एनजे 9842 या बिंदूपर्यंत आखली आणि पुढे लिहिलं, ‘तिथून उत्तरेकडे हिमनद्यांपर्यंत’. तिथे कोणी जाऊन राहील असं तेव्हा कोणाच्या मनातही आलं नव्हतं. एप्रिल 1984 मध्ये आपलं सैन्य सियाचिनवर चढलं, आणि तेव्हापासून गोळीपेक्षा थंडीनं आणि हिमस्खलनानं जास्त जवान गेले.

आणि चीनबरोबरची प्रत्यक्ष नियंत्रण रेषा तर कागदावर दोघांनी मिळून आखलेलीच नाही. नकाशांची अदलाबदल फक्त मधल्या विभागाची झाली, 2000 साली. पश्चिम विभागाचे नकाशे 2002 मध्ये एकमेकांना दाखवले आणि लगेच परत घेतले गेले. तरी 1996 च्या करारात त्या रेषेपासून दोन किलोमीटरच्या आत गोळी चालवायची नाही असं ठरलं आहे. जून 2020 मध्ये गलवानला आपले 20 जवान हुतात्मा झाले, ते दगड आणि खिळ्यांच्या दंडुक्यांच्या मारामारीत, ते यामुळे.

जुना नकाशा उपग्रहचित्रावर बसवून दाखवणार असाल तर क्यूजीआयएस या नकाशांच्या संगणक-प्रणालीत जिओरेफरन्सिंग करा, म्हणजे नकाशावरचे बिंदू जमिनीवरच्या खऱ्या जागांशी जुळवा. किमान सहा बिंदू घ्या, नकाशाच्या चारही कोपऱ्यांत पसरलेले. खिंडी, शिखरं चालतील. नद्यांचे संगम पूर्वेकडच्या सपाटीवर नकोत, पात्रं सरकतात. हिमनदीचं तोंड आणि गावं तर अजिबात नकोत. पृथ्वीचा आकार मोजायचं माप दोघांचं वेगळं: जुन्या भारतीय नकाशांचा आधार एव्हरेस्ट गोलाभ, उपग्रहाचा डब्ल्यूजीएस 84. हे रूपांतर न करता बसवलंत तर सगळी रेष सरकलेली दिसेल आणि कोणीतरी त्यालाच घुसखोरी म्हणेल. बिंदूंची शिल्लक चूक किती आली ते चित्राखाली लिहा. चूक 800 मीटर आणि वाद 500 मीटरचा असेल तर ते चित्र दाखवूच नका.

मुठाकाठचा_वाचक

दोघांचे मनापासून आभार. एक शंका आहे. बेळगावचा प्रश्न तर पन्नास-साठ वर्षं पेटता आहे, भाषेचा अभिमान आहे, आयोग आहे, ठराव आहेत. उजवा रकाना भरगच्च भरेल. तरी दोन राज्यांनी एकमेकांवर बंदुका काढल्या नाहीत. मग या रीतीत काही राहून गेलं का?

जुनी_कागदपत्रं

राहून गेलं, आणि बरं झालं विचारलंत. बांधून टाकणाऱ्या कागदाबरोबर सुटकेची वाटही शोधायला हवी. बेळगावबाबत महाजन आयोगाचा 1967 चा अहवाल महाराष्ट्रानं नाकारला, 2004 मध्ये राज्य सर्वोच्च न्यायालयात गेलं. दोन्ही बाजूंना निकाल देऊ शकणारं एकच न्यायालय आहे आणि सीमेवर समोरासमोर सशस्त्र तळ नाहीत. उलट आसाम आणि मिझोरम बघा. एका बाजूचा आधार 1875 ची अधिसूचना, दुसरीचा 1933 ची. न्यायालय तिथेही आहेच. पण 26 जुलै 2021 ला दोन्ही राज्यांचे सशस्त्र पोलीस एकाच वळणावर समोरासमोर आले, आणि आसामचे पोलीस गोळीला बळी पडले. एकाच देशात, एकाच राज्यघटनेखाली. इतिहासाइतकीच बंदुकांमधली अंतरंही मोजली पाहिजेत.

सुटकेची दोन उदाहरणं जरूर सांगा, कारण श्रोत्यांना सगळं अटळ वाटू नये. पहिलं बांगलादेश. एकमेकांच्या पोटातले तुकडे, आपले 111 आणि त्यांचे 51, यांच्या अदलाबदलीचा करार 1974 चा. बेरुबारीच्या मतामुळे घटनादुरुस्ती आवश्यक होती. ती अखेर 2015 मध्ये शंभराव्या दुरुस्तीनं झाली. क्षेत्रफळात आपण दिलं जास्त, मिळालं कमी. तरी संसदेत ती एकमतानं मंजूर झाली, कारण नकाशावरच्या अभिमानापेक्षा त्या तुकड्यांतल्या माणसांचे हाल सगळ्या पक्षांना दिसत होते.

दुसरं इक्वेडोर आणि पेरू. 1942 च्या करारानंतर कोंदोर डोंगररांगेतला 78 किलोमीटरचा पट्टा आखायचा राहिला, कारण सेनेपा नदी समजत होते त्यापेक्षा लांब निघाली. 1995 मध्ये तिथे युद्ध झालं. 1998 मध्ये तोडगा निघाला तो असा: हद्द डोंगररांगेवरूनच, पण इक्वेडोरचे सैनिक जिथे लढले त्या तिविंझाचा एक चौरस किलोमीटर इक्वेडोरला खासगी मालकी म्हणून, सार्वभौमत्व पेरूचंच. मानचिन्ह एकाला, हद्द दुसऱ्याला. इतकी सुबक तडजोड मी तरी दुसरी पाहिलेली नाही.

उलट्या दिशेचं ताजं उदाहरण नेपाळचं. 8 मे 2020 ला लिपुलेखकडे जाणाऱ्या रस्त्याचं उद्घाटन झालं आणि जूनमध्ये नेपाळनं कालापानी, लिपुलेख, लिंपियाधुरा दाखवणारा नकाशा घटनेतच घातला. आधार 1816 चा सुगौली करार, वाद काली नदीचा उगम कोणता एवढाच. आता काठमांडूत कोणाचंही सरकार आलं तरी तडजोडीला दोन-तृतीयांश बहुमत लागणार. रशियानं तर 2020 च्या दुरुस्तीनं भूभाग सोडण्यालाच घटनेत बंदी घातली आणि सप्टेंबर 2022 मध्ये युक्रेनचे चार प्रांत, पुरते ताब्यात नसतानाही, आपल्यात घेतल्याचं जाहीर केलं. वाटाघाटी का अडतात त्याचं मोठं कारण त्या दोन कागदांत आहे.

सामरिक_वाचन

धोका ओळखण्याबद्दल थोडं, कारण प्रश्नोत्तरांत ‘पुढचं युद्ध कुठे?’ हा प्रश्न येईलच.

इतिहासाची भाषा हेतू सांगते, वेळ सांगत नाही. पुतिन यांचा रशियन-युक्रेनी ऐतिहासिक एकतेवरचा लेख 12 जुलै 2021 चा, आक्रमण 24 फेब्रुवारी 2022 चं. मधल्या काळात सीमेवर रणगाडे होते, पण ते 2021 च्या वसंत ऋतूतही येऊन काही प्रमाणात परत गेले होते. फरक पडला तो जानेवारीअखेरीस, जखमींसाठी रक्ताचे साठे पुढे आणल्याच्या बातम्या आल्या तेव्हा. सरावासाठी इंधन लागतं, तात्पुरते पूल लागतात. रक्त टिकाऊ नसतं, ते कोणी महिनोन्‌महिने तंबूत ठेवत नाही. म्हणून भाषणाशेजारी नेहमी रसदीचा रकाना ठेवा: फिरती रुग्णालयं, रक्त, राखीव जवानांना बोलावणं, दुरुस्ती पथकं. तैवानबद्दल चीननं 2005 मध्येच फुटीरताविरोधी कायदा केला. भाषा तेव्हापासून तीच आहे, बदलत गेली ती नौका आणि क्षेपणास्त्रांची संख्या.

इतिहासाचा आणखी एक परिणाम सैन्याच्या स्वतःच्या नियोजनावर होतो, तो मांडणीत सहसा सुटतो. 1962 च्या धसक्यानं आपण कित्येक दशकं चीनच्या सीमेजवळ रस्ते केले नाहीत, शत्रू त्याच रस्त्यानं आत येईल म्हणून. संरक्षणमंत्री अँटनी यांनी 2013 मध्ये हे संसदेत उघड सांगितलं. लडाखमधला दरबूक ते दौलत बेग ओल्डी हा 255 किलोमीटरचा रस्ता 2019 मध्ये पुरा झाला आणि पुढच्याच उन्हाळ्यात त्याच्या शेजारच्या खोऱ्यात गलवान घडलं. पराभवाच्या आठवणीनं आधी रस्ते थांबवले, मग ते बांधायला लावले. दोन्ही निर्णयांची किंमत पुढच्या पिढीच्या जवानांनी मोजली.

नकाशा_आणि_मोजपट्टी

शेवटची व्यवहाराची गोष्ट. पडद्यावर भारताची बाह्यरेषा दाखवणार असाल तर ती भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशाप्रमाणेच असू द्या. त्याच्याशी न जुळणारा नकाशा प्रसिद्ध करणं 1961 च्या कायद्यानं गुन्हा आहे, आणि मंडळाच्या पत्रकात किंवा समाजमाध्यमावर तो गेला की प्रसिद्धच झाला. परदेशी संकेतस्थळावरून उचललेल्या चित्रात काश्मीर बहुधा तुटक रेषांनी असतं. वादग्रस्त रेषा समजावताना संपूर्ण देशाचा नकाशा घेऊ नका. नामका चूचं खोरं किंवा गलवानचा संगम एवढंच रेखाचित्र हातानं काढा, उत्तर दिशा आणि मोजपट्टी घाला, ‘प्रमाणबद्ध नाही’ असं खाली लिहा. एका तासासाठी भारत-चीन, प्रेआह विहिअर आणि तिविंझा एवढी तीनच प्रकरणं घ्या. कोसोवो आणि युक्रेन प्रश्नोत्तरांसाठी हाताशी ठेवा.